"तो तर माझ्या बाकावर बसतो" : शाळेत धर्मांची ओळख करून द्यावी का?

ऐरोलीची_आई

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मुलगी सहावीत आहे, पालिकेच्या मराठी शाळेत. गेल्या आठवड्यात त्यांचा इतिहासाचा 'प्राचीन भारतातील धार्मिक प्रवाह' हा धडा चालू होता. जैन, बौद्ध, ज्यू, ख्रिश्चन, इस्लाम, पारशी, सगळ्यांची थोडी थोडी माहिती आहे त्यात. धडा वाचून झाला तशी माझ्या कार्टीने शेजारच्या मुलाला विचारलं, यातला तू कुठला? तो सरळ म्हणाला, आम्ही बौद्ध. मागून कोणीतरी काहीतरी बोललं, दोनतीन जण हसले आणि बाईंनी डस्टर आपटून सांगितलं की वर्गात कोणी कोणाचा धर्म विचारायचा नाही, पुढचा स्वाध्याय घ्या.

घरी आल्यावर डबा काढता काढता मला विचारते, आई, पुस्तकात 'प्राचीन' असं का लिहिलंय, तो तर माझ्या बाकावर बसतो.

मला काय बोलावं सुचलं नाही. ती त्याला चिडवायला गेली नव्हती, पुस्तकात जे वाचलं ते शेजारी दिसलं म्हणून तिने विचारलं. आणि शिकली काय, तर धर्म विचारणं म्हणजे काहीतरी वाईट. त्या मुलाला काय वाटलं असेल ते वेगळंच. बाईंनाही मी दोष देत नाही, पन्नास पोरांच्या वर्गात त्यांना भांडण नको होतं.

माझा प्रश्न असा आहे की शाळेत सगळ्या धर्मांची नीट ओळख करून द्यावी का? म्हणजे पूजाअर्चा शिकवा असं नाही म्हणत, पण शेजारचा कोण आहे, तो काय मानतो, रोजा म्हणजे काय, पर्युषण म्हणजे काय, एवढं तरी. की हे सगळं घरावरच सोडावं? तुमचे अनुभव सांगा.

शाईपेन

तुमच्या मुलीचं वाक्य दिवसभर डोक्यात राहणार आहे. वाचतेय.

विवेकी_वाटसरू

ताई, तुमची तळमळ कळते पण मी स्पष्ट विरोधात आहे. शाळेत आधीच धर्म काय कमी आहे का? सरस्वतीपूजन, दहीहंडी, गणपतीची आरास, कुठे कुठे तर परीक्षेच्या आधी सामूहिक जप. आता 'ओळख' म्हणून अजून एक दार उघडलं की त्यातून कोण आत येईल ते आपल्या हातात राहणार नाही. २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला तेव्हा गीतेचे अध्याय आणि मनाचे श्लोक पाठ करण्यावरून आणि मनुस्मृतीच्या श्लोकावरून केवढा गदारोळ झाला ते आठवा. आपल्या घटनेत नागरिकांच्या कर्तव्यांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन लिहिलाय, शाळेने तो द्यावा. धर्म घरी, देवळात, मशिदीत. पोरांना आधी अपूर्णांक येऊ देत.

जुना_ठाणेकर

वाटसरूंशी मी सहमत नाही आणि ताईंशीही पूर्ण नाही. मी ठाण्यातल्या कोपिनेश्वराच्या देवळाच्या आवारात लहानाचा मोठा झालो. आजच्या मुलांना स्वतःच्याच धर्माचं काही माहीत नाही हो. माझ्या नातवाला विचारलं श्रावणी सोमवार म्हणजे काय, तर म्हणतो त्या दिवशी शाळा लवकर सुटते. रामरक्षा येत नाही, मनाचे श्लोक येत नाहीत. आम्हाला लहानपणी मनाचे श्लोक पाठ होते, त्याने आमचं काही वाईट झालं नाही. उलट उच्चार सुधारले, मनाला वळण लागलं. आधी स्वतःचं घर ओळखा, मग दुसऱ्याचं. मुळात ज्याला आपली श्रद्धा कळते त्यालाच दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान ठेवता येतो, हे मी मनापासून म्हणतोय.

काळा_कोट

वकिली करतो म्हणून कायद्याची बाजू मांडतो, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतायत.

घटनेचं कलम २८. जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते तिथे धार्मिक शिक्षण देताच येत नाही. पालिकेची, जिल्हा परिषदेची शाळा यातच येते. अनुदानित किंवा सरकारमान्य खाजगी शाळेत दिलं तर मुलाच्या पालकांची संमती लागते, कोणालाही उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही. तेव्हा जुने ठाणेकर काका, पालिकेच्या शाळेत श्रद्धा म्हणून श्लोक पाठ करून घेणं या कलमात बसत नाही.

पण वाटसरू, तुमचंही पूर्ण बरोबर नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी हा फरक स्वच्छ केला होता. देव एक आहे आणि पैगंबर शेवटचे प्रेषित आहेत यावर विश्वास ठेवा असं शिकवणं म्हणजे धार्मिक शिक्षण, आणि धर्माचा अभ्यास ही त्याहून वेगळी गोष्ट, अशा अर्थाचं ते बोलले होते. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) हाच फरक धरला: धर्माचं शिक्षण वेगळं आणि धर्मांविषयीचं शिक्षण वेगळं, आणि दुसरं शाळेत द्यावं. १९९९ मध्ये शंकरराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने सगळ्या धर्मांची मूलतत्त्वं मुलांना कळावीत अशी शिफारस केली. त्यावरून पुढे जो अभ्यासक्रम आला त्याला आव्हान दिलं गेलं आणि २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धर्मांविषयी माहिती देणं कलम २८ च्या आड येत नाही.

म्हणजे कायद्याने दार उघडंच आहे. प्रश्न शिकवणार कोण आणि कसं हा आहे.

जुना_ठाणेकर

वकीलसाहेब, माहितीबद्दल आभार. एक विचारतो. मराठीच्या पुस्तकात ज्ञानेश्वरांची ओवी आहे, तुकारामांचा अभंग आहे, पोरं ते पाठ करतात, मार्क मिळतात. ते चालतं, मग मनाचे श्लोक का नाही?

काळा_कोट

काका, चांगला प्रश्न. कविता म्हणून चालतीलच. अर्थ विचारा, वृत्त विचारा, रामदासांचा काळ विचारा. फरक हात जोडायला सांगण्यात आहे. एखादं मूल म्हणालं की मी अर्थ सांगतो पण प्रार्थना म्हणून म्हणणार नाही, तर त्याला तशी मोकळीक पाहिजे. १९८६ चा केरळचा बिजो इमॅन्युएल खटला आहे, तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण धर्माच्या कारणाने गायची नाहीत म्हणून शाळेतून काढली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं.

शनवारतेली

आयडीवरून ओळखलं असेलच, मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, ठाण्यातच वाढलो. आमचे पूर्वज रायगडच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. मातृभाषा मराठी, आडनाव '-कर' वालं, घरात जुनी कीर्तनंसुद्धा मराठीत. टेंभी नाक्याला आमचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ आहे, १८७९ चं. रोज हजारो लोक समोरून जातात.

आता शाळेचं सांगतो. शनिवारी सकाळची शाळा, आधी कवायत मग तास. आणि शनिवार आमचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस. चौथीत असताना वडील एक चिठ्ठी घेऊन शाळेत गेले तर वर्गशिक्षक म्हणाले, तुम्ही ख्रिश्चन ना, मग रविवारी सुट्टी असतेच की. वडिलांनी समजावलं. सर भले माणूस होते, ऐकून घेतलं, पण दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी मला उभं केलं आणि सांगितलं "हा इस्राएलचा आहे". चाळीस पोरं माझ्याकडे परदेशी माणसाकडे बघावं तशी बघत होती. आमचं घराणं अलिबागकडचं हो! मधल्या सुट्टीत एकाने विचारलं तुला मराठी कसं येतं.

सरांनी वाईट हेतूने काही केलं नाही, त्यांना माहीतच नव्हतं. त्यांच्या डी.एड.लासुद्धा कोणी सांगितलं नसणार. तेव्हा वाटसरू, "घरावर सोडा" म्हणता तेव्हा कोणाच्या घरावर? माझ्या घरी मला माझं माहीत होतंच. बाकीच्या चाळीस घरांत माझं कोण सांगणार होतं?

खादाड_ठाणेकर

थोडं विषयांतर, पण तुमच्यातल्या एका मावशींच्या हातचा मलिदा खाल्लाय मी. भिजवलेले पोहे, खवलेलं खोबरं, गूळ, वेलची आणि वर फळं रचलेली. एलियाहू हन्नबीचा, म्हणजे प्रेषित एलियाचा नवस असतो म्हणे. आमच्या घरी कोजागिरीला जे गोड पोहे करतात त्याच्या इतकं जवळचं की मी आईला म्हटलं होतं, हे आपल्यातलेच दिसतात.

शनवारतेली

खादाड, आपल्यातलेच आहोत :) पुढच्या वेळी डबा आणतो.

निळी_पहाट

ऐरोलीची आई, तो मागून हसणारा मुलगा काय बोलला ते तुम्ही लिहिलं नाहीत पण मला ठाऊक आहे. मी पण त्याच बाकावर बसून शिकलेय, फक्त शाळा कळव्याची होती.

तुमच्या मुलीने 'प्राचीन' शब्दावर बोट ठेवलं ते मला खूप लागलं. आमच्या वेळी इतिहासात सिद्धार्थ राजवाडा सोडायचा, बोधिवृक्षाखाली बसायचा, अशोक कलिंगचं युद्ध करायचा आणि धर्म संपायचा. माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेला होती, पांढरी साडी नेसून, लाखो माणसांत. घरात ती गोष्ट आम्ही शंभरदा ऐकली. शाळेतला बौद्ध धर्म आणि माझ्या आजीचा बौद्ध धर्म एकच आहे हे मला कोणी शिक्षकाने सांगितलं नाही, मी कॉलेजात गेल्यावर माझं मीच जोडलं.

आणि एक, धर्माची ओळख जात वगळून करून देता येणार नाही. मूल हसलं ते पंचशीलावर हसलं नाही. त्याला घरातून काय मिळालंय त्यावर हसलं. म्हणून "घरावर सोडा" हे मला नाही पटत, घरी काय शिकवतात ते आपण बघतोच. बाईंनी डस्टर आपटायच्या ऐवजी त्या हसणाऱ्याला शांतपणे विचारायला हवं होतं, तुला हसू का आलं? तिथून खरा धडा सुरू झाला असता.

पाऊसवेडी

निळी पहाट, +१. आजीची गोष्ट कधीतरी वेगळ्या धाग्यात लिहा ना.

कौसा_लोकल

सलाम सगळ्यांना. मी मुंब्र्याला उर्दू माध्यमात शिकवतो. घरी उर्दू, बाहेर मराठी, डोक्यात दोन्ही.

इथे सगळे असं धरून चालले आहेत की वर्गात सगळ्या धर्मांची मुलं असतात. माझ्या वर्गात सगळी एकाच धर्माची आहेत. माध्यमाने आणि वस्तीने मुलं आधीच वाटली गेलीयत. वर डोंगरावर मुंब्रादेवी, जिच्यावरून गावाचं नाव पडलं असं म्हणतात, नवरात्रात खालून वर दिव्यांची रांग दिसते, पण माझ्या कित्येक पोरांना ते काय आहे माहीत नाही. आणि चार स्टेशनं पुढच्या शाळेतल्या पोरांना आमच्या रमजानबद्दल एकच गोष्ट माहीत असते, रात्रीचं खाणं.

मी माझ्यापुरतं एक करतो. वारी सुरू झाली की तासाला सांगतो की आळंदीहून पंढरपूरला माणसं पायी का जातात. मग शेख महंमदांची गोष्ट सांगतो. श्रीगोंद्याचे, मुसलमान, आणि मराठीत 'योगसंग्राम' लिहिणारे संत. पोरांचे डोळे मोठे होतात, सर, मुसलमान और अभंग? एका मुलाचे वालिद भेटायला आले, मी जरा घाबरलोच. ते म्हणाले, सर, मी मार्केटला वाशीला हमाली करतो, सोबतचे लोक माळ घालतात, आषाढीला जातात, आज पोराने मला समजावलं ते कुठे जातात.

काका (जुना ठाणेकर), तुमचं "आधी आपलं घर" मला कळतं. आमच्याकडेही तेच म्हणतात. पण माझ्या पोरांचं आपलं घर मदरशात आणि अम्मीकडे पक्कं होतंय, शाळेत तेच परत कशाला? शाळेच्या वाट्याला शेजारचं घर येऊ दे.

जुना_ठाणेकर

कौसा सर, तुमचं शेवटचं वाक्य मला विचार करायला लावणारं आहे. मदरशासारखं आमच्या मुलांना काही नाही हो, संध्याकाळी परवचा म्हणायची पद्धत गेली, आईबाप साडेआठच्या लोकलने येतात. म्हणून शाळेकडून अपेक्षा होते. पण तुमचं म्हणणं मी खोडत नाही.

लेस्टरची_वहिनी

इंग्लंडमधला अनुभव लिहिते. इथे १९४४ च्या कायद्यापासून सरकारी शाळांत धर्मशिक्षण हा विषय सक्तीचा आहे. काय शिकवायचं ते त्या त्या भागातली समिती ठरवते, त्यात वेगवेगळ्या धर्मांची माणसं आणि शिक्षक असतात. पालकांना नको असेल तर मुलाला त्या तासाला बसवायचं नाही अशी सोय आहे.

चांगलं म्हणजे माझी मुलगी मशिदीत, गुरुद्वारात, चर्चमध्ये वर्गासोबत जाऊन आली, तिला काही परकं वाटत नाही. वाईट सांगू? तिच्या वहीत हिंदू धर्म दोन पानांत होता. हिंदू शाकाहारी असतात, हिंदू दिवाळीला लक्ष्मीची पूजा करतात, गाय पवित्र, संपलं. आम्ही सीकेपी, माहेर ठाण्यातल्या चरईतलं, रविवारी घरात माशांची खाजणी आणि वालाचं बिरडं. पोरीने मला विचारलं, ममा, आर वी नॉट हिंदू? मी शाळेत गेले आणि बाईंना सांगितलं की आमच्याकडे विठोबा आहे, खंडोबा आहे, आणि मासेही आहेत. त्यांनी हसून लिहून घेतलं आणि पुढच्या वर्षी मलाच बोलावलं वर्गात.

मुद्दा असा की माहिती द्यायची तर पुस्तकाने एक गुळगुळीत हिंदू, एक गुळगुळीत मुसलमान बनवायचा नाही. त्या धर्माचं माणूस समोर आणा.

गावठाण

वहिनी एकदम बरोबर बोल्ल्या. आम्ही कोपरखैरण्याचे आगरी. सिडको १९७० ला आली, आमच्या भातशेतीवर शहर बसलं, पण गावदेवीची जत्रा अजून तशीच. कोंबडा, मानपान, पालखी, बेंजो. शाळेच्या पुस्तकात आमचा धर्म कुठंच नाय, आमच्या पोरांना वाटतं पुस्तकातलं ते खरं आन आपलं ते गावठी.

एक गोष्ट सांगतो. आमची एकवीरा आई कार्ल्याला, चैत्रात पालखी जाते. दरवर्षी जायचो पण लहानपणी कधी विचारच केला नाय की देवळाच्या बाजूला एवढी मोठी लेणी कोणाची. बौद्धांचं चैत्य हाय ते, दोन हजार वर्षांचं, दान दिल्याचे लेख कोरलेत खांबावर. देवीच्या दारातच लेणी! आता मी पोराला घेऊन गेलो की आधी आईचं दर्शन मग चैत्यात नेतो, वर लाकडाच्या फासळ्या दाखवतो, अजून तेव्हाच्याच हायत. नीळी पहाट ताई, तुमची लेणी आन आमची आई एका कातळावर. ह्ये शाळेच्या सहलीत सांगायला कोणाची बंदी हाय? सहल जातेच की लोणावळ्याला, चिक्की घेते आन परत येते.

निळी_पहाट

दादा, डोळ्यात पाणी आलं. एकदा सोबत जाऊया.

विवेकी_वाटसरू

सगळ्यांचं वाचलं. शनवारतेली आणि निळी पहाट यांचे मुद्दे मला मान्य आहेत, "घरावर सोडा" हे मी जरा सहज बोललो. पण माझी भीती तशीच आहे. तुम्ही सगळे इथे समंजस बोलताय. वर्गात उभा राहणारा शिक्षक समंजस असेलच असं कोण म्हणतो? जो स्वतः द्वेष करतो तो इस्लामचा तास कसा घेईल? आणि नास्तिक घरातल्या मुलाचं काय? सगळ्या धर्मांच्या यादीत त्याला जागा कुठे? चार्वाक, लोकायत, महात्मा फुले यांना या ओळखीत स्थान आहे का?

काळा_कोट

वाटसरू, फुल्यांचं नाव काढलंत म्हणून. 'सार्वजनिक सत्यधर्म'मध्ये त्यांनी एक कुटुंब रंगवलंय. बाईने वाटल्यास बौद्ध धर्माचं पुस्तक वाचून तो धर्म घ्यावा, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावं, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावं, मुलाने सत्यधर्मी व्हावं, आणि सगळ्यांनी एका घरात एकमेकांचा द्वेष न करता राहावं. या माणसाचं पुस्तक १८९१ मध्ये छापून आलं, महाराष्ट्रात, मराठीत. तुमच्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. नास्तिक मूलही त्या घरात बसतंच.

सहावी_ब

उशिरा येतेय, पेपर तपासत होते. मी ठाण्यातल्या अनुदानित शाळेत इतिहास शिकवते, तोच धडा दरवर्षी घेते. वाटसरूंची भीती खरी आहे, स्टाफरूममध्ये मी ती रोज बघते. म्हणून फक्त मी काय केलं ते सांगते.

धडा वर्गात न घेता मुलांना चालत नेलं. मुख्याध्यापकांची सही, पालकांची संमतीपत्रं, सोबत दोन पालक. आधी कोपिनेश्वर. मग तलावपाळीवरून सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च. तिथून टेंभी नाका, जैन मंदिर, सिनेगॉग, अग्यारी. सगळं चालत जाण्याच्या अंतरावर! वहीत एकच काम दिलं होतं, तुम्हाला काय दिसलं ते लिहा, तुम्हाला काय वाटतं ते नको.

चर्चच्या दारात अठ्ठावीस पोरांनी एकदम चपला काढल्या. तिथल्या काकांनी सांगितलं इथे काढायची गरज नाही, तर एक मुलगा म्हणाला, "मग देव रागावत नाही?" काका म्हणाले, आमच्यात आत येताना टोपी काढतात. सिनेगॉगला आत जायची परवानगी आधी घेतली होती. तिथे उलट, डोकं झाकायला सांगितलं. मुलांनी रुमाल बांधले. एका मुलीला दाराच्या चौकटीला लावलेली छोटीशी तिरकी डबी दिसली, तिने विचारलं हे काय. मेझुझा, आत हिब्रूत लिहिलेला चर्मपत्राचा तुकडा असतो. तिथल्या म्हाताऱ्या आजोबांनी हे सगळं इतक्या अस्सल कुलाबी, म्हणजे रायगडकडच्या मराठीत सांगितलं की पोरं त्यांच्या तोंडाकडेच बघत राहिली.

अग्यारीत बाहेरच थांबावं लागलं, पारशांशिवाय कोणाला आत प्रवेश नसतो. माझा वर्ग जरा नाराज झाला. "आपल्याला का नाही?" मी काही बनवून सांगितलं नाही, म्हटलं त्यांच्या धर्मात तसा नियम आहे, काही देवळांत, काही घरांतही आपल्याला आतपर्यंत जाता येत नाही, तेव्हा दारातून नमस्कार करतो. एक मुलगा पटकन म्हणाला, आमच्या आजीला पूर्वी गावातल्या देवळात जाऊ द्यायचे नाहीत. सगळे गप्प झाले. मी म्हटलं, हे लिही वहीत. हा नियम आणि तो नियम सारखा आहे का, यावर पुढचे दोन तास गेले. पुस्तकातला धडा तिथेच राहिला आणि मला वाटतं तेवढा इतिहास मी वर्षभरात शिकवला नसेल.

दुसऱ्या दिवशी एका पालकांनी येऊन विचारलं, चर्चमध्ये का नेलं. मी मुलाची वही दाखवली. त्यात लिहिलं होतं: 'चर्चमध्ये टोपी काढतात. सिनेगॉगमध्ये घालतात. दोन्हीकडे हळू बोलतात.' त्यांनी वाचलं, काही बोलले नाहीत, वही परत दिली.

पाऊसवेडी

हे वर्तमानपत्रात यायला हवं मॅडम.

सहावी_ब

नको, मला अजून बावीस वर्षं नोकरी करायची आहे. आणि खरं सांगू, हे दर वर्षी जमतही नाही. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, सरकारी यूडायस नोंदणीत शाळेची माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशोब. वाटसरू, वाईट शिक्षकाची भीती धरता तशी दमलेल्या शिक्षकाचीही धरा. दमलेला शिक्षक डस्टर आपटतो. ऐरोलीच्या ताई, तुमच्या बाईंना एकदा भेटा, पण तक्रार घेऊन नको.

जुना_ठाणेकर

मॅडम, पुढच्या फेरीला कोपिनेश्वरला आलात की मला आधी कळवा. देवळाची सगळी माहिती मी पोरांना सांगेन, पूजा करायला सांगणार नाही, शब्द देतो. आणि तिथून पुढे मलाही तुमच्यासोबत यायचंय. साठ वर्षं टेंभी नाक्यावरून जातोय, त्या फाटकाच्या आत कधी गेलो नाही.

शनवारतेली

काका, आत घेऊन जायची जबाबदारी माझी. टोपी मी देतो.

ऐरोलीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. तीन आठवड्यांनी लिहितेय कारण मधे बरंच झालं.

सहावी ब मॅडमचं ऐकून बाईंना भेटले, शाळा सुटल्यावर, हातात चहा घेऊन. त्या आधीच कानकोंड्या झाल्या होत्या. म्हणाल्या, मला त्या मुलाची बाजू घ्यायची होती पण काय बोलू कळलं नाही, एखादा शब्द चुकला तर संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर माझा व्हिडिओ फिरेल. मी त्यांना हा धागा वाचायला दिला. निळी पहाट, तुमची पोस्ट त्यांनी दोनदा वाचली.

मग त्यांनी परिपाठातल्या दिनविशेषाचं काम मुलांवर सोपवलं. रोज एकाने आपल्या घरातला एक दिवस सांगायचा, कुठलाही, त्या दिवशी घरात काय करतात तेवढंच. नास्तिक घरातलं कोणी असेल तर त्यानेही, वाटसरू, हे मी मुद्दाम सांगितलं. एका मुलाने वडिलांची पहिली रिक्षा आली तो दिवस सांगितला. गावठाणातल्या एका मुलीने गावदेवीची जत्रा सांगितली. आणि परवा तो शेजारचा मुलगा उभा राहिला. त्याने त्याच्या पणजीचा नागपूरचा फोटो आणला होता, झेरॉक्स काढून, तो वर्गात फिरवला. मागच्या बाकावर कोणी हसलं नाही. माझ्या पोरीने फोटो जास्त वेळ धरून ठेवला म्हणून पुढच्याने ओढला आणि कोपरा जरा फाटला, तिने घरी आणून सेलोटेप लावून दिला.

आता उद्या हिचा नंबर आहे. हिला गणपती सांगायचाय आणि हिने मला विचारलंय की आपल्याकडे दीडच दिवस का, शेजारच्या काकूंकडे पाच, पलीकडे दहा. आम्ही नेहमीच दीड दिवस बसवतो, माहेरीही तसंच, मी कधी विचारलंच नाही कोणाला. कोणाला खात्रीने माहीत असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा प्लीज.

गावठाण

ताई, तुमच्या सासूबाईंना विचारा. आन त्यांनी काय सांगितलं ते हितं लिवा, आमच्याकडंपण दीडच दिवस हाय.